डॉक्टर मोहोळकरांचा डावा गुडघा

यशवंत मोहोळकर जिना उलटा उतरायचा.

त्या काळी सकाळी आठच्या सुमाराला तुम्ही हॅरोच्या स्टेशनवर असता, तर हे दृश्य तुम्हाला हमखास दिसलं असतं. सूट-टाय घातलेला, ताडमाड उंच असा एक भारतीय माणूस कठडा धरून, प्लॅटफॉर्मकडे पाठ करून, एकेक पायरी मागे मागे उतरतोय. त्याच्या मागून जिना उतरणारी माणसं साहजिकच त्याच्या समोरासमोर यायची. मेट्रोपॉलिटन लाइनने जाणारा इंग्रज सकाळच्या वेळी सख्ख्या भावाच्याही तोंडाकडे बघत नाही; पण इथे त्याचा इलाज चालत नसे. यशा प्रत्येकाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणायचा, "गुड मॉर्निंग! रिव्हर्सिंग! गुड मॉर्निंग!" छत्रीवाले, पेपरवाले, सगळे कानकोंडे होऊन बाजूने सटकायचे.

कारण साधं होतं. त्याच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. सरळ उतरलं की कळ यायची, उलटं उतरलं की यायची नाही. तो डावा पाय क्लचवर दाबता येत नव्हता, म्हणून स्वतःची गाडी दारात उभी ठेवून कन्सल्टंट डॉक्टरसाहेब ट्रेनने हॉस्पिटलला जायचे.

हे लिगामेंट तुटलं बास्केटबॉल खेळताना. तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती. या वयात मराठी माणूस फार तर कॅरम खेळतो. पण यशा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन होता आणि आपण अजून तोच आहोत अशी त्याची समजूत होती. बायकोची नव्हती, गुडघ्याची तर नव्हतीच.

तो भूलतज्ज्ञ. हॉस्पिटलात सगळे त्याला 'डॉक्टर मो' म्हणायचे. बाकीचे भूलतज्ज्ञ पेशंटला दहापासून उलटे आकडे मोजायला सांगतात. हा म्हणायचा, "तुमच्या आवडत्या टीममधले पाच खेळाडू सांगा." पेशंट फुटबॉलची, क्रिकेटची, काही वेळा स्वतःच्या नातवंडांची नावं घ्यायचे आणि तिसऱ्या नावाला झोपायचे. "अबे, पाचव्यापर्यंत कोणी पोचत नाही," तो अभिमानाने सांगायचा. "पूर्ण टीम कोणाचीच होत नाही."

आमचीही होत नव्हती. आमच्या टीमचं नाव हॅरो ऑरेंजेस. नागपूरची आठवण म्हणून यशाने ठेवलेलं. नारंगी बनियनं घालून आम्ही कोर्टवर उतरलो की समोरची पोरं "मार्मलेड!", म्हणजे संत्र्याचा मुरंबा, असं ओरडायची. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या क्रीडाकेंद्राचा हॉल मिळायचा, आणि रविवारी कोणीतरी आम्हाला हरवायचं. मी, अशोक, मोहोळकरांचा शेजारी. कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात नोकरीला. लोकांच्या घरामागच्या वाढीव खोल्यांना परवानगी नाकारणं हे माझं काम. माझी उंची सव्वापाच फूट. मी टीममध्ये आलो तो स्कोअर लिहायला. पुढे माणसं गळत गेली तशी माझी बढती होत गेली. राखीव झालो, मग खेळाडू झालो, आणि शेवटी एका सीझनला चक्क व्हाइस कॅप्टन. एखाद्या टीमची अवस्था याहून वेगळ्या शब्दांत सांगायची गरज नाही.

टीमचा खरा खांब माधव. यशाचा कॉलेजपासूनचा दोस्त. दोघं नागपूरहून बरोबर इंग्लंडला आले, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एका खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर वरणभात करून खाल्ला. माधव पॅथॉलॉजिस्ट. माणूस दणकट, रुंद, कमी बोलणारा. तो सेंटरला खेळायचा, म्हणजे बास्केटखाली उभा राहायचा आणि तिथून त्याला हलवणं कोणाला जमायचं नाही.

अपघात झाला तो मॅचमध्येसुद्धा नाही, गुरुवारच्या प्रॅक्टिसमध्ये. बॉल रिंगला लागून उडाला, यशा आणि माधव दोघांनी एकदम उडी मारली. खाली आले तेव्हा माधव सबंधच्या सबंध यशाच्या गुडघ्यावर आला. ताजी काकडी मोडावी तसा आवाज झाला. यशा "आई गं" एवढंच म्हणाला. माधवने त्या पायाची दिशा पाहिली आणि तो बेशुद्ध पडला. अँब्युलन्सवाले धावत आले, त्यांनी स्ट्रेचरवर आधी माधवला उचलला. यशा जमिनीवरून ओरडतोय, "अबे, मी पेशंट आहे! मी!" आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसू आलं खरं.

ऑपरेशन यशाच्याच हॉस्पिटलात झालं. भूल द्यायला त्याचाच ज्युनिअर. त्यानेही साहेबांचीच युक्ती वापरली, "तुमची टीम सांगा." यशा म्हणाला, "सेंटरला माधव." दुसरं नाव सांगा म्हटल्यावर पुन्हा "माधव". तिसऱ्यांदाही माधवच, आणि झोपला. ही गोष्ट त्याची बायको नलूवहिनी सगळ्यांना हसत हसत सांगायच्या.

सर्जन होता जुन्या वळणाचा इंग्रज. प्लास्टर काढल्यावर त्याने गुडघा वाकवून पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "मो, तू बोल्स खेळायला लाग." बोल्स म्हणजे हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे लाकडी गोळे हळूच घरंगळत सोडतात तो खेळ. यशा इतका दुखावला, की गुडघ्याचं दुखणं विसरला. घरी आल्या आल्या त्याने मला फोन केला.

"अशोक, स्क्वॉड काय म्हणतो?"

लोक 'कसं काय' विचारतात तसं तो हे विचारायचा. मी त्याला परिस्थिती सांगितली. आमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा पेपरच्या दुकानवाला गुजराती, त्याला बायकोने संध्याकाळचं सोडायचं बंद केलंय. विन्स्टन, म्हणजे यशाच्याच हॉस्पिटलातला जमैकन पोर्टर, आमच्यातला एकमेव माणूस ज्याला खेळता येत होतं, तो वेम्बलीच्या टीममध्ये गेलाय. आणि माधवने इल्फर्डला बदली घेतली आहे.

"इल्फर्डला? काहून?"

"पोस्ट चांगली आहे म्हणे."

"इल्फर्ड म्हणजे पार लंडनच्या दुसऱ्या टोकाला," यशा म्हणाला. मग एकदम आवाज चढवून, "हरकत नाही बे. सीझन लांब आहे. मी परत येऊन राहिलो."

आणि ते खूळ सुरू झालं.

सगळ्यात आधी त्रास झाला तो मटाराला. गुडघा सुजू नये म्हणून फिजिओने सांगितलं, फ्रोझन मटाराची पिशवी वर ठेवा. यशा सकाळ-संध्याकाळ ती पिशवी गुडघ्यावर बांधून बसायचा, वितळली की परत फ्रीझरमध्ये टाकायचा. कोणती पिशवी गुडघ्याची आणि कोणती स्वयंपाकाची हे काही दिवसांनी कोणालाच सांगता येईना. मोहोळकरांकडे जेवायला बोलावलं की माझी बायको मीना आधी विचारून घ्यायची, "उसळ कशाची आहे?"

मग तांदूळ. घोट्याला बासमतीची पिशवी बांधून, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. हे तो टीव्ही बघताना करायचा, फोनवर करायचा, जेवताना टेबलाखाली करायचा. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना हा डाव्या पायावर बगळ्यासारखा उभा. तबक फिरवत आलेले एक आजोबा म्हणाले, "अहो डॉक्टर, नवस बोललात का काय?" यशा म्हणाला, "नाही काका, बॅलन्स करून राहिलो." आजोबांनी त्याच्यापुढे जरा जास्त वेळ तबक धरलं.

या सगळ्याला एक वर्ष गेलं, आणि वर आणखी एक हिवाळा. इंग्लंडातला हिवाळा म्हणजे चार वाजता अंधार आणि त्या अंधारात कोपऱ्यावरून येणारा यशा, ट्रॅकसूट घालून, लंगडत पळतोय. पळतोय म्हणजे आपण म्हणायचं. बाबागाडी ढकलणाऱ्या बायका त्याला मागे टाकून जायच्या. घरी येऊन तो टेपने गुडघ्याचा घेर मोजायचा आणि मला फोन करायचा. गुडघ्याची बातमी, मग स्क्वॉडची बातमी. दोन्ही वाईट. एकाची पाठ गेली, एक अमेरिकेला गेला, एकाला रात्रपाळी लागली. मी म्हणायचो, "यशा, आता पाच माणसं होत नाहीत रे. बंद करू या." तो म्हणायचा, "सीझन लांब आहे बे." आणि फोन ठेवताना, सहज विचारल्यासारखं, "माधवचा काही फोन?"

माधवचा फोन नसायचा. पूर्वी दर शनिवारी बायको-मुलींना घेऊन यशाकडे जेवायला असणारा माणूस. आता बोलावलं की इल्फर्डहून यायला फार वेळ लागतो म्हणायचा. एकदा संक्रांतीला आला, तिळगूळ घेतला, यशाला "कसा आहे पाय?" असं विचारलं, आणि संपूर्ण वेळ गालिच्याकडे बघत बसला. तासाभरात उठून गेला. नलूवहिनी चहाचे कप उचलताना म्हणाल्या, "आम्हाला ना पोर ना बाळ, ह्यांना ना भाऊ ना बहीण. एक माधव होता. असं काय झालं हो, अशोकराव, यांच्यात?" यशाने ते ऐकलं असावं. तो उठला आणि घोट्याला तांदूळ बांधायला लागला.

मला वाटायचं, ही हौस आहे. चाळिशी उलटलेल्या पुरुषांना एक झटका येतो. कोणी केस रंगवतो, कोणी लाल गाडी घेतो, याने गुडघा घेतलाय. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

वसंतात आमची एक मॅच पडली ती इल्फर्डला. तिथल्या पंजाबी पोरांची टीम, सगळी विशीतली. यशाने मला सांगितलं, "मी खेळणार. स्टार्टिंग फाइव्हमध्ये." त्याच्याशिवाय आमचे पाच होतही नव्हते, त्यामुळे निवडीचा प्रश्न आला नाही. मग त्याने माधवला फोन केला. मी तिथेच होतो. "तुझ्या घराजवळ आहे बे. चालत येशील. बघायला तर ये."

रविवारी दुपारी आम्ही हॉलवर पोचलो. दारापुढे तीन पायऱ्या खाली उतरायच्या होत्या. यशा त्या सरळ उतरला, तोंड पुढे करून. ओठ घट्ट मिटलेले. कारण आत, लाकडी बाकावर एका टोकाला, मांडीवर कोट घेऊन माधव बसला होता.

मॅच सुरू झाली आणि खोटं कशाला सांगू, पहिली पाच-सात मिनिटं यशा सुंदर खेळला. पळणं नव्हतंच, पण हात तेच होते. पोरं वाऱ्यासारखी इकडून तिकडे जायची आणि हा मध्ये उभा राहून न बघता पास द्यायचा. एकदा तर बॉल माझ्या हातात आला तेव्हा मी बास्केटखाली एकटाच होतो. मी तो आत टाकला. आयुष्यात मी टाकलेल्या मोजक्या बास्केटांपैकी ती एक. बाकावर माधव उभा राहिला होता.

त्यानंतर थोड्या वेळात यशा रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगला लागून परतलेल्या बॉलसाठी, उडाला. कोणाचा धक्का नाही, काही नाही. खाली आला आणि मी जवळच असल्यामुळे मला ऐकू आलं. छोटासा आवाज. बोट मोडतो ना आपण, तेवढाच. त्याने माझा दंड धरला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी रेफ्रीला हाक मारणार, तेवढ्यात तो दात दाखवून हसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तोंड उघडू नको."

"अरे, पण..."

"खेळ."

आणि तो खेळला. शेवटपर्यंत. एका जागी उभा राहून, उजव्या पायावर सगळा भार टाकून, बॉल आला की देत, हसत, माधवकडे बघून अंगठा दाखवत. आम्ही प्रचंड हरलो. शिट्टी झाल्यावर माधव बाकावरून धावत आला. त्याने यशाला मिठी मारली, पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "साल्या, तू तर होता तसाच आहेस!" त्याचे डोळे भरले होते. कितीतरी दिवसांनी मी त्याला पूर्ण वाक्य बोलताना ऐकत होतो. गुरुवारी मीही येतो म्हणाला. घरी चहाला चला म्हणाला. यशा म्हणाला, "आज नाही बे, नलू वाट पाहून राहिली." आणि आम्ही गाडीपर्यंत गेलो. तो माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होता, जिंकून आलेल्या दोस्तांसारखा. तो हात किती जड होता हे मलाच माहीत.

नॉर्थ सर्क्युलर रोडला लागल्यावर तो म्हणाला, "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. त्याने दार उघडलं आणि बाहेर वाकून ओकला. मग ट्रॅकसूट वर केला. गुडघा पपईएवढा झाला होता. मला भडकायलाच झालं. "वेडा आहेस का तू? सांगायचं नाहीस? आता आयुष्यभर... यशा, कशासाठी रे? मार्मलेड म्हणतात आपल्याला! कोणासाठी खेळत होतास?"

त्याने पाय दोन्ही हातांनी उचलून गाडीत घेतला, दार लावलं. समोरून लॉऱ्या जात होत्या.

"माधव त्या दिवसापासून माझ्याशी बोलतो ना," तो म्हणाला, "तर माझ्या गुडघ्याकडे पाहून बोलतो. तोंडाकडे पाहत नाही. मी लंगडून राहिलो तोवर तो येणार नव्हता. मी त्याला शंभरदा सांगितलं, अबे, तुझा दोष नाही. ते सांगून होत नाही. पळून दाखवावं लागते."

मी इंजिन बंद केलं.

"आज पाहिलं त्याने," यशा म्हणाला. "तोंडाकडे. तू त्याला काही सांगायचं नाही. नलूला मी सांगतो."

दुसरं ऑपरेशन झालं, ते गुपचूप. सर्जनने या वेळी बोल्सचं नावही काढलं नाही. काठी वापर म्हणाला, आणि पुढे सांधाच बदलावा लागेल, पण इतक्या लवकर बदलत नाहीत. यशाने माधवला सांगितलं, "मला डिपार्टमेंटचा हेड केलाय, खेळायला वेळ नाही, आता मी मॅनेजर." माधवला ते पटलं. पुढचा सगळा सीझन तो दर गुरुवारी इल्फर्डहून हॅरोला यायचा, बास्केटखाली उभा राहायचा. यशा त्याच्या आधी येऊन बेंचवर बसायचा. काठी माझ्या बॅगेत. पाण्याची बाटली हवी असली तरी उठायचा नाही, "अशोक, मॅनेजरला पाणी!" म्हणून ओरडायचा. माधव हसायचा. माधव घरी गेला की मी काठी काढून द्यायचो.

पण एका माणसाने टीम होत नाही. त्या सीझनच्या शेवटी आम्ही तिघं-चौघं उरलो. हॉल एरोबिक्सवाल्या बायकांना दिला गेला. एका गुरुवारी आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहून काचेतून त्यांचं नाचणं बघितलं आणि घरी आलो. हॅरो ऑरेंजेसचं एवढंच झालं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग माधवला पर्थला नोकरी मिळाली. त्याच्या बायकोला ऊन हवं होतं, मुलींना समुद्र. सगळं इतक्या झटपट ठरलं, की यशाला त्याने सांगितलं तेव्हा तिकिटं हातात होती. यशा म्हणाला, "मस्त बे! जाऊन ये!" माधव म्हणाला, "अरे, जाऊन येत नाहीये. जातोय."

हीथ्रोला सोडायला मी आणि यशा गेलो. पार्किंगपासून आतपर्यंत तो काठी टेकत आला. माधवचं कुटुंब दिसल्याबरोबर त्याने काठी माझ्या हातात दिली. "लांब उभा राहा," म्हणाला. आणि गर्दीतून सरळ चालत गेला. मी मागून बघत होतो. एक पाऊल टाकलं की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची. समोरून बघणाऱ्याला फक्त हसू दिसत असणार.

मुलींना चॉकलेटं दिली, वहिनींना नमस्कार केला. माधवने त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग म्हणाला, "तिकडे घरामागे रिंग लावतो. येशील ना? एकास एक खेळू."

"येतो की," यशा म्हणाला. "हरवतो तुला."

माधव हसत, हात हलवत पासपोर्टच्या रांगेकडे गेला. दोनदा वळून पाहिलं. यशा दोन्ही वेळा ताठ उभा. ते दिसेनासे झाले, तरीही हा हात वर करून उभाच. मग हात खाली आला, आणि तो तसाच, न वळता म्हणाला, "अशोक, काठी नको. ट्रॉली आण."

मला आधी कळलं नाही. मग मी धावत जाऊन सामानाची एक ट्रॉली आणली. तो तिच्यावर बसला. एवढा मोठा कन्सल्टंट डॉक्टर, गुडघे हनुवटीशी येऊ शकत नव्हते म्हणून एक पाय सरळ पुढे काढून. मी ढकलायला लागलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. दोन छोटी पोरं बोट दाखवून हसली, त्यांच्या आईने त्यांना दटावलं. यशाने हसणाऱ्या पोरांना हात केला आणि मग तोच हात डोळ्यांवर ठेवला.

लिफ्टपाशी आम्ही थांबलो. लिफ्ट येत नव्हती.

"अशोक," तो हाताआडून म्हणाला, "पर्थमध्ये आत्ता किती वाजले असतील रे?"

"अरे, तो अजून इथंच आहे. आत दुकानात फिरत असेल."

"हो ना," यशा म्हणाला. "पण आता माहीत असलेलं बरं."